गुटेनबर्गचे दोन हिशेब

भागीदारींत धंदा सुरू करतांना नफ्याची वाटणी कशी व्हावयाची, हें बहुतेक माणसें पहिल्याच बैठकींत ठरवितात. परंतु एखादा भागीदार मधेंच निघून गेला, किंवा मृत्यूनें त्याला ओढून नेलें, तर त्याचें येणें किती, देणें किती आणि तें केव्हां भागवावयाचें, हा प्रश्न अशुभ म्हणून टाळला जातो. टाळलेला प्रश्न पुढें व्याजासह उभा राहतो. युरोपांत सुट्या धातूच्या खिळ्यांनीं ग्रंथ छापण्याची कला ज्यानें सिद्ध केली, त्या योहान गुटेनबर्गला या प्रश्नापायीं दोनदां न्यायासनापुढें जावें लागलें. दोन्ही वेळीं शेवट अगदीं निरनिराळा झाला.

गुटेनबर्ग मूळचा ऱ्हाईनकांठच्या मायन्स शहराचा. कांहीं वर्षें तो स्ट्रासबुर्ग येथें राहत होता. तेथें त्यानें हान्स रिफे, आंद्रेआस ड्रिट्झेन आणि आंद्रेआस हाइलमान यांच्याशीं भागी केली. आखेनच्या यात्रेंत यात्रेकरूंना विकण्यासाठीं लहान आरसे तयार करावे, असा बेत होता. नफ्याचा अर्धा भाग गुटेनबर्गचा, चौथाई रिफेचा आणि उरलेली चौथाई इतर दोघांची, असें ठरलें. १४३९ सालीं भरेल असें धरलेली ती यात्रा एक वर्षानें पुढें गेली आणि पैसा अडकून पडला. तेव्हां गुटेनबर्गजवळची आणखी एक गुप्त कला शिकण्यासाठीं पांच वर्षांच्या मुदतीचा नवा करार झाला. ड्रिट्झेन व हाइलमान यांनीं प्रत्येकीं १२५ गुल्डन, म्हणजे तितकीं सोन्याचीं नाणीं, भरावयाचीं होतीं. ड्रिट्झेननें ४० भरले, ८५ राहिले.

१४३८ च्या नाताळाच्या सुमारास ड्रिट्झेन मरण पावला. या धंद्यासाठीं त्यानें आपली मिळकत गहाण टाकली होती, असें पुढें साक्षींत निघालें. त्याच्या भावांनीं फिर्याद केली कीं, एक तर आम्हांला त्याच्या जागीं भागीदार करा, नाहींतर त्याचा पैसा परत द्या. गुटेनबर्गनें उत्तरादाखल कराराचा मसुदा पुढें केला. मुदतींत कोणी भागीदार मेला, तर हत्यारें, तयार माल व कलेचें गुपित उरलेल्यांकडे राहावें आणि वारसांना मुदतीच्या अखेरीस १०० गुल्डन द्यावे, असें कलम त्यांत होतें. या मसुद्यावर मोहोर उमटलेली नव्हती. पण शब्द लिहिलेले होते, आणि ते ठाऊक असलेले दोन भागीदार हयात होते. त्या दोघांनीं कराराविषयीं व गुटेनबर्गनें ८५ च्या बाकीविषयीं शपथ घ्यावी, म्हणजे १०० मधून ८५ वजा जातां उरलेले १५ गुल्डन त्यानें वारसांना द्यावे, असा निकाल १२ डिसेंबर १४३९ रोजीं झाला. गहाण पडलेल्या मिळकतीच्या मानानें पंधरा नाणीं म्हणजे कांहींच नव्हे. भावांना निकाल कठोर वाटला असल्यास नवल नाहीं. परंतु देण्याला सीमा पडली आणि धंदा उभा राहिला.

पुढें मायन्सला परतल्यावर गुटेनबर्गनें योहान फुस्ट या धनिकाकडून पैसा उचलला. १४५० च्या सुमारास ८०० गुल्डन दर साल दर शेकडा ६ व्याजानें घेतले. त्यांतून होणारें यंत्रसाहित्य हेंच तारण. दोनएक वर्षांनीं आणखी ८०० आले. ते 'पुस्तकांच्या कामा'साठीं, उभयतांच्या लाभाकरितां. घोटाळा येथेंच झाला. पहिली रक्कम कर्जाऊ होती, दुसरी भांडवलासारखी होती, आणि दोहोंचें खातें एकमेकांत मिसळून गेलें. बायबल पूर्णतेस येत असतांना फुस्टनें मुद्दल १,६०० आणि व्याज, तसेंच व्याजावरील व्याज मिळून ४२६, असे एकूण २,०२६ गुल्डन मागितले. गुटेनबर्गचें म्हणणें असें कीं, व्याज घेणार नाहीं असें वचन फुस्टनें तोंडी दिलें होतें, आणि दुसऱ्या रकमेचा जमाखर्च दाखवावयास आपण तयार आहों. परंतु तोंडी वचनाला साक्षीदार नव्हता. न्यायासनानें गुटेनबर्गला जमाखर्च मांडण्यास सांगितलें; सामाईक कामावर न लागलेला पैसा कर्ज समजावयाचा, आणि फुस्टनें स्वतः व्याजानें पैसा आणल्याची शपथ घेतली तर व्याजही द्यावयाचें. ६ नोव्हेंबर १४५५ रोजीं फ्रान्सिस्कन मठाच्या भोजनगृहांत फुस्टनें १,५५० गुल्डन व्याजानें आणल्याची शपथ वाहिली. गुटेनबर्ग स्वतः आला नाहीं. त्यानें आपलीं माणसें पाठविलीं.

१४५७ सालीं मायन्समध्यें सुंदर स्तोत्रसंहिता छापून निघाली, तेव्हां तिच्या अखेरीस नांवें होतीं फुस्टचें आणि पेटर शफरचें. हा शफर शपथेच्या दिवशीं फुस्टच्या बाजूचा साक्षीदार होता. गुटेनबर्गला १४६५ सालीं मायन्सच्या आर्चबिशपनें वस्त्रें, धान्य आणि मद्य यांची वार्षिक नेमणूक करून दिली. १४६८ सालीं तो निवर्तला.

दोन्ही हिशेबांत माणूस एकच होता, आणि दुसऱ्या वेळीं त्याची कला पहिल्यापेक्षां कितीतरी प्रगल्भ झाली होती. फरक होता तो कागदाचा. स्ट्रासबुर्गच्या मसुद्यानें बाहेर जाणाऱ्याचा आंकडा आधींच बांधून ठेवला होता. मायन्सच्या व्यवहारांत कर्ज कोठें संपतें आणि भागी कोठें सुरू होते, हें कोणीच आंखलें नव्हतें.

आपल्याकडे १९३२ सालीं झालेला भागीदारीचा कायदा याच पोकळीचा विचार करतो. भागीदार निघून गेला किंवा मरण पावला, आणि अखेरचा हिशेब न करतां उरलेल्यांनीं त्याच्या मालमत्तेवर धंदा चालू ठेवला, तर ३७ व्या कलमान्वयें त्याला किंवा त्याच्या वारसांना तिच्यामुळें झालेल्या नफ्याचा वाटा तरी घेतां येतो, किंवा तिच्यावर सालीना शेंकडा ६ व्याज तरी. मात्र उलट करार नसेल तरच. म्हणजे पहिला मान आजही भागीदारांच्या स्वतःच्या शब्दालाच आहे. तो शब्द परस्परांवर विश्वास असतांनाच लिहून ठेवावा लागतो. विश्वास उडाल्यावर उरते ती शपथ; आणि शपथेनें निकाल लागला, तरी मोडलेला छापखाना पुन्हां जुळत नाहीं.