डॉक्टरांची वही आणि फ्लूचा माग

साथीच्या रोगांचा इतिहास धुंडाळूं लागलें म्हणजे मेलेल्यांचे आंकडे पुष्कळ मिळतात. आजारी पडून बरे झालेल्यांची दाद मात्र क्वचितच कोणीं घेतलेली असते. इंफ्लुएंझाच्या बाबतींत ही उणीव विशेष जाणवते. हा रोग बहुतेकांना चार-आठ दिवस अंथरुणाला खिळवून सोडून देतो. थोड्यांचाच प्राण घेतो, आणि तोही पुष्कळदां न्यूमोनियाच्या नांवावर मांडला जातो. १८४७ सालीं लंडनमध्यें फ्लूची मोठी साथ आली, तेव्हां विल्यम फार नांवाच्या आंकडेशास्त्रज्ञानें नेहमींच्या मानानें मृत्यु किती अधिक झाले याचा हिशेब करून तिचा खरा आवांका दाखविला. युक्ति मार्मिक खरी. पण मृत्यूंवरून साथ ओळखणें म्हणजे राखेवरून आगीचा अंदाज बांधणें होय. १९१८ च्या साथींत हिंदुस्थानांत एक कोटीहून अधिक माणसें दगावलीं असें आज मानतात. तो हिशेबही असाच मागाहून झालेला आहे.

साथ चालू असतांनाच दिसावयाची, तर आजारी माणूस प्रथम जेथें जातो तेथेंच पाहिलें पाहिजे. ही गोष्ट एका खेड्यांतील डॉक्टरानें करून दाखविली. यॉर्कशर परगण्यांतील एसगार्थ येथें विल्यम पिकल्स हे १९३० च्या सुमारास आपल्या खोऱ्यांतल्या गांवांत कोण केव्हां आजारी पडला याचीं टिपणें नेमानें ठेवूं लागले. त्यांवरून आलेख काढण्यास त्यांची पत्नी हातभार लावी. वस्ती विरळ आणि माणसें परस्परांच्या ओळखीचीं. त्यामुळें कोणाचा रोग कोणापासून व किती दिवसांनीं आला हें त्यांना ताडतां येई. गर्दीच्या शहरांत हा धागा हातीं लागणें कठीण. या टिपणांचें पुस्तक १९३९ सालीं प्रसिद्ध झालें.

तें वाचून ज्यांनीं हाच मार्ग धरला त्यांत एडगर होप-सिम्पसन हे एक होत. सायरेन्सेस्टर या लहान गांवांत दवाखाना चालवीत असतां त्यांनीं फ्लूच्या हंगामाचा ध्यास घेतला. पृथ्वीवर अक्षांशाप्रमाणें साथीचा काळ बदलतो, याकडे त्यांनीं १९८१ सालीं लक्ष वेधलें. त्यांच्या सगळ्याच उपपत्ति शास्त्रज्ञांना पटल्या नाहींत. पण त्यांनीं विचारलेला प्रश्न मात्र टिकला.

एकट्याची वही एका गांवापुरती. १९५२ सालीं इंग्लंडांत सामान्य डॉक्टरांचें कॉलेज स्थापन झालें, व पिकल्स त्याचे पहिले अध्यक्ष झाले. पुढें १९६० नंतरच्या दशकांत या संस्थेनें निरनिराळ्या दवाखान्यांतून दर आठवड्याचे आंकडे गोळा करण्याची पद्धति बसविली. १९७० सालीं हॉलंडनें व १९८४ सालीं फ्रान्सनें असेंच जाळें विणलें. फ्रान्समधील डॉक्टर मिनिटेल या टेलिफोनला जोडलेल्या यंत्रावरून आपली माहिती धाडीत. तथापि ताप-खोकला म्हणजे फ्लूच असें नव्हे. म्हणून कांहीं रोग्यांच्या नाकाघशांतील स्राव प्रयोगशाळेकडे पाठवावा लागतो. १९३३ सालीं मनुष्यांतील फ्लूचा विषाणु वेगळा करतां आला, तेव्हांपासूनच ही खातरजमा शक्य झाली.

आपल्याकडे याचें महत्त्व काय, हें पुण्याच्या उदाहरणावरून कळेल. तेथें १९५२ सालीं विषाणु-संशोधन केंद्र स्थापन झालें. आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था ती हीच. २००९ च्या साथीची झळ पुण्याला प्रथम व फार लागली. देशांत ठिकठिकाणीं बाह्यरुग्ण विभागांतून स्राव जमवून तपासले, तेव्हां दिसलें कीं श्रीनगरास फ्लूचा जोर हिवाळ्यांत असतो, तर पुण्यासारख्या शहरांत तो जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत चढतो. विलायती पंचांग धरून येथें शरदांत लस टोंचली, तर मुख्य साथ ओसरून गेल्यावर ती टोंचल्यासारखें होईल! पावसाळ्यापूर्वीं लस घ्यावी ही शिकवण त्या नोंदींतून आली.

एक अडचण मात्र राहतेच. इंग्लंडांत १९४८ पासून प्रत्येक नागरिकाचें नांव कोणत्या तरी एका डॉक्टराच्या यादींत असतें. म्हणून हजारांत किती आजारी हें सांगतां येतें. आपल्याकडे रोगी आज एका डॉक्टराकडे, गुण न आल्यास उद्यां दुसऱ्याकडे जातो, आणि पुष्कळ तर औषधांच्या दुकानावरच भागवितात. आलेल्यांत तापकरी किती हें कळतें. गांवांत किती हें कळत नाहीं. ही उणीव एकट्या सरकारला भरून काढतां येणार नाहीं. साध्या तापासाठींही एकाच ओळखीच्या डॉक्टराकडे जाणें, आणि त्यानें स्राव तपासणीस पाठवूं म्हटलें तर कुरकुर न करणें, एवढें प्रत्येक कुटुंबाच्या हातीं आहे. त्या नळींतील स्रावानें आपला ताप कदाचित् एक दिवसही लवकर उतरणार नाहीं. पण पुढल्या वर्षाची लस ठरवितांना तो कोणाच्या तरी उपयोगीं पडेल.