‘घरी घेऊन जा’ म्हटल्यानंतर



‘आता करण्यासारखं काही नाही, घरी घेऊन जा.’ पुंडलिकनगरच्या गल्ल्यांमधून हे वाक्य न ऐकलेलं घर सापडणं अवघड आहे. कॅन्सर असो, किडनी निकामी झालेली असो नाहीतर लकवा, पेशंट घरी येतो तो सरळ घरातल्या बाईच्या हातात. कूस बदलणं, भरवणं, रात्रीची जागरणं सगळं तिच्याकडे. आमच्या बचत गटांच्या वहीत कर्जाचं कारण लिहायचा रकाना असतो. तिथे ‘दवाखाना’ हा शब्द फार वेळा येतो. आणि त्यातलं कितीतरी कर्ज ‘घरी न्या’ सांगितल्यानंतर, ‘अजून एका मोठ्या डॉक्टरला दाखवू’ म्हणून काढलेलं असतं.

म्हणून आज त्या वाक्याच्या पुढे काय आहे, त्याचा इतिहास सांगतो. त्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, मराठीत कुणी उपशामक सेवा म्हणतं, कुणी परिहार सेवा. आजार बरा होवो न होवो, माणसाचे हाल होऊ द्यायचे नाहीत आणि घरच्यांनाही सांभाळायचं, हा त्याचा अर्थ.

मुंबईत टाटा हॉस्पिटल १९४१ साली सुरू झालं. आपल्या मराठवाड्यातली माणसं पुढे कित्येक वर्षं तिकडे नाहीतर बार्शीला जात राहिली. आपल्याकडचं शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ सालचं. म्हणजे ‘टाटाला नेलंय’ याचा अर्थ रात्रीची रेल्वे, सोबत एक पिशवी आणि मुंबईत राहायचं कुठे हा प्रश्न. पेशंटला खाट मिळायची, सोबतच्या बाईला फूटपाथ. ही गोष्ट पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आली असेल तर ती आपल्या गाडगेबाबांच्या. १९५४ साली त्यांनी जे. जे. हॉस्पिटलच्या पेशंटांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा बांधली. पॅलिएटिव्ह हा शब्द बाबांनी ऐकलाही नसेल. पण आजारी माणसामागे एक घर उभं असतं आणि त्यालाही छप्पर लागतं, हे त्यांनी ओळखलं होतं. पुस्तकांत या विषयाचा इतिहास लंडनपासून सुरू होतो. आम्ही तो इथून सुरू करतो.

लंडनची गोष्टही बाईचीच आहे. सिसिली साँडर्स आधी नर्स होत्या. पाठीच्या दुखण्याने ते काम सुटलं, मग त्या समाजसेविका झाल्या, आणि शेवटी मोठ्या वयात शिकून डॉक्टर. १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस काढलं. त्यांचं म्हणणं असं की वेदना एकट्या शरीराची नसते. पोरीचं लग्न राहिलं, घर गहाण पडलं, कुणाशी अबोला आहे, देवाने असं का केलं, हे सगळं त्या दुखण्यात मिसळलेलं असतं. नुसती गोळी देऊन ते जात नाही. दुसरं त्यांनी दाखवलं ते औषधाच्या वेळेबद्दल. कळ उठल्यावर औषध द्यायचं नाही. घड्याळ लावून, कळ उठायच्या आधीच द्यायचं.

आपल्या देशातलं असं पहिलं ठिकाण मुंबईत, बांद्र्याला १९८६ साली उभं राहिलं. त्याचं नाव शांती अवेदना. कॅन्सरचे सर्जन डॉ. एल. जे. डिसूझा यांनी ते काढलं. तिथे पैसे घेत नाहीत. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र १९९७ साली झालं. तिथेही सेवा मोफत, आणि पेशंटचं करायचं कसं हे घरच्यांनाही शिकवतात.

पण त्याच सुमाराला एक उलटी गोष्ट घडली, आणि आमच्या मते या इतिहासातलं सगळ्यात कडू पान तेच आहे. कॅन्सरच्या जबर कळांवर मॉर्फिन लागतं. ते अफूपासून होतं. दिवाळीच्या अनारशाला लावतो ती खसखसही त्याच झाडाची. सरकारच्या परवान्याने अफू पिकवणाऱ्या थोड्या देशांत आपला देश आहे. नीमच, मंदसौर भागात ही शेती चालते. म्हणजे माल घरचाच. पण १९८५ साली अमली पदार्थांचा कडक कायदा आला. हेतू नशेचा धंदा मोडण्याचा होता, त्याला कोण नाव ठेवणार? झालं असं की मॉर्फिन ठेवायला चार-चार परवाने लागू लागले, चुकलं तर तुरुंग. दवाखान्यांनी ते ठेवणंच सोडलं. पुढच्या दहा-बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर नव्वद टक्क्यांहून जास्त घटला. अफू परदेशी जात होती आणि आपली माणसं खाटेवर तळमळत होती. ‘कॅन्सर म्हणजे ओरडतच मरायचं’ हे आपल्या आया-आज्या सांगतात, त्यातला बराच वाटा या कुलुपाचा आहे.

कुलूप उघडायला डॉक्टर आणि पेशंटांच्या बाजूने लढणारी माणसं वर्षानुवर्षं झगडली, सुप्रीम कोर्टातही गेली. २०१४ साली संसदेने कायदा बदलला. मान्यताप्राप्त दवाखान्याला आता मॉर्फिन ठेवायला इतके हेलपाटे घालावे लागत नाहीत. भीती मात्र अजून आहे, डॉक्टरांनाही आणि घरच्यांनाही. ‘सवय लागेल’ असं लोक म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, दुखण्यापुरतं घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र हमखास होतं, म्हणून पोट साफ होण्याचं औषध सोबत मागून घ्यायचं.

केरळने याहून पुढचं काम केलं. १९९३ साली कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सोबत्यांना घेऊन छोटी संस्था सुरू केली. काही वर्षांत ते काम गल्लीतल्या माणसांनीच हातात घेतलं. दुकानदार, विद्यार्थी, घरच्या बाया थोडंसं शिकून आजारी घरी जाऊ लागले. नर्स घरी येऊन जखम धुते, शेजारी महिन्याला थोडे थोडे पैसे टाकतात, पोरांची वह्या-पुस्तकं बघतात. २००८ साली केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. बचत गटाची बाई हे ऐकते तेव्हा तिला नवल वाटत नाही. दर महिन्याला थोडं टाकायचं आणि पाळीपाळीने एकमेकीच्या घरी जायचं, हे आपण करतोच. आमच्या एका गटाने गेल्या वर्षी तसं करून पाहिलं. दोघीजणी दुपारचे दोन तास पेशंटजवळ बसायच्या. घरची ताई तेवढा वेळ आत जाऊन झोपायची.

आजची स्थिती सांगतो. २०१२ साली केंद्राने यासाठी राष्ट्रीय कार्यक्रम आखला. सरकारी आरोग्य केंद्रांनी ज्या बारा प्रकारच्या सेवा द्यायच्या, त्यांत म्हाताऱ्यांची काळजी आणि ही सेवा धरलेली आहे. कागदावर आहे तितकी सगळीकडे मिळत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून विचारावं लागतं. ‘घरी न्या’ असं कुणी सांगितलं तर उठू नका. दुखण्यासाठी काय देता, किती वाजता द्यायचं, रात्री त्रास वाढला तर कुणाला फोन करायचा, पॅलिएटिव्हचे डॉक्टर कुठे बसतात, हे लिहून मागा. आणि शेवटच्या दिवसांची वाट पाहू नका. ही सेवा आजार कळल्यापासून, उपचार चालू असतानाही घेता येते. आधी आपल्या भागातल्या आशाताईला गाठा. तिला माहीत नसेल तर दोघी मिळून आरोग्य केंद्रात जा.