चुकलेली गाडी? बीएमडब्ल्यूच्या 'ईटा' इंजिनाची गोष्ट



आज सुरुवात एका कबुलीने करतो. याच मालिकेत मागे एकदा जर्मन गाड्यांवर बोलताना मी एक वाक्य सहज बोलून गेलो होतो. "बीएमडब्ल्यूने ऐंशीच्या दशकात ईटा नावाचं एक मंद इंजिन काढलं, ती त्यांची चूक होती." पुढे गेलो, विषय संपला. तेव्हा ती गाडी मी चालवलेली नव्हती. कागदावरचे आकडे वाचले होते आणि निकाल देऊन टाकला होता. गेल्या ऑक्टोबरात ती चालवायला मिळाली. म्हणून आजचा भाग म्हणजे त्या वाक्याची दुरुस्ती आहे.

गाडी माझ्या मावसभावाची. आम्ही त्याला दादा म्हणतो. तो अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात राहतो. त्याच्याकडे १९८६ सालची बीएमडब्ल्यू ५२८ई आहे, पाच गिअरची, मॅन्युअल. गोल दिवे, पुढे झुकलेलं नाक, ड्रायव्हरच्या बाजूला किंचित वळवलेला डॅशबोर्ड. बघताक्षणी वाटतं, ही आता सुसाट सुटणार. मी स्टिअरिंगवर बसलो आणि आरपीएमच्या काट्याकडे पाहिलं. लाल रेघ पाच हजारांच्या आसपासच! त्या काळच्या दुसऱ्या बीएमडब्ल्यू सहा हजारांच्या पुढे जात. ही निम्म्या वाटेतच हात वर करते की काय, असं वाटलं.

हा काटा एवढ्या लवकर का थांबतो, हे समजायला आपल्याला १९७३ सालात जावं लागेल.

त्या वर्षी सप्टेंबरात फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' मांडली. १७० पीएसची छोटी, तापट गाडी. पुढच्या स्पॉइलरवर 'टर्बो' ही अक्षरं उलटी लिहिलेली, म्हणजे पुढच्या गाडीवाल्याला आरशात ती सुलट दिसावीत आणि त्याने बाजूला व्हावं! पुढच्याच महिन्यात अरब-इस्रायल युद्ध पेटलं, अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळपास चौपट झाला. २५ नोव्हेंबर १९७३ या रविवारी पश्चिम जर्मनीत खासगी गाड्यांना बंदी होती. ज्या ऑटोबानवर वेगाला मर्यादा नसणं हा जर्मनांचा अभिमान, तिथे लोक सायकली घेऊन फिरले. काही महिने ऑटोबानवर ताशी १०० किलोमीटरची मर्यादाही आली. अशा वातावरणात 'बाजूला व्हा' सांगणारी गाडी कोण घेणार? २००२ टर्बो जेमतेम १,६७२ बनल्या.

हे लक्षात ठेवा. वेगवान गाडी काढली आणि तेल गेलं. हा पहिला धडा.

अमेरिकेत याचे परिणाम जास्त काळ टिकले. १९७४ च्या जानेवारीत तिथे देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा मंजूर झाली. १९७५ मध्ये कायदा झाला की कंपनी जेवढ्या गाड्या विकेल, त्यांच्या सरासरीने एका गॅलनमध्ये अमुक मैल जायलाच हवं. १९७८ साठी हा आकडा १८ मैलांचा होता, १९८५ साठी २७.५ मैलांचा. आपल्या हिशेबात लिटरला साधारण पावणेआठ किलोमीटरपासून पावणेबारापर्यंत. सरासरी कमी पडली तर दंड. मोठ्या गाड्यांबरोबर भरपूर छोट्या गाड्याही विकणाऱ्या कंपनीची सरासरी आपोआप सावरते. बीएमडब्ल्यूकडे अमेरिकेत विकायला तशा छोट्या गाड्या नव्हत्या. त्यात १९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि तेल पुन्हा भडकलं. भाव दुपटीच्या वर गेले.

"किती देते?" हा प्रश्न आपण फक्त आपलाच समजतो. इंदूरला माझ्या लहानपणी कुणी नवी गाडी घेतली, की पेढा तोंडात पडायच्या आत हा प्रश्न यायचा. ऐंशीच्या सुमारास हाच प्रश्न अमेरिकेचं सरकार म्युनिकच्या इंजिनिअरांना विचारत होतं, आणि तोही कायद्याच्या भाषेत.

आता हे इंजिनिअर काय करू शकत होते? सोपा मार्ग होता छोटं इंजिन. पण छोट्या इंजिनाने जड गाडी ओढायची तर ते सतत जास्त फिरवावं लागतं. इथे थोडं विज्ञान सांगतो, घाबरू नका, सायकलवर बसूनच सांगतो.

सायकलने चढ चढायचे दोन मार्ग. हलक्या गिअरमध्ये पाय भराभरा मारायचे, किंवा जड गिअरमध्ये सावकाश, पण प्रत्येक वेळी जोर लावून मारायचे. पायाच्या एका दाबात जो पीळ लागतो तो टॉर्क. तो पीळ आणि पाय फिरण्याचा वेग यांचा गुणाकार म्हणजे पॉवर. दोन्ही मार्गांनी तुम्ही तेवढ्याच वेळात वर पोचू शकता. पण इंजिनाच्या बाबतीत एक फरक पडतो. ते जितकं भराभरा फिरेल तितकं पेट्रोल घर्षणातच वाया जातं. शिवाय ॲक्सिलरेटर जेमतेम दाबलेला असला की हवेची वाट अर्धवट बंद असते आणि हवा ओढून घेण्यातच इंजिन दमतं. म्हणजे पेट्रोल वाचवायचं तर इंजिन सावकाश फिरवा आणि हवेची वाट मोकळी ठेवा.

म्युनिकच्या लोकांनी उलटा मार्ग धरला. इंजिन लहान करायच्या ऐवजी मोठं केलं आणि त्याला हळू फिरायला लावलं. त्यांच्याकडे सहा सिलिंडरचं एक लहान इंजिन होतंच. त्याचा २.३ लिटरचा अवतार ८० मिमी बोअर आणि ७६.८ मिमी स्ट्रोकचा. तो वाढवून ८४ आणि ८१ केला, म्हणजे २,६९३ सीसी. पुढे आलेल्या त्यांच्या ५२४टीडी या डिझेल गाडीचा स्ट्रोकही ८१ मिमीच होता, यावरून स्वभाव ओळखा. कॅमशाफ्टला सात बेअरिंगऐवजी चार दिली, व्हॉल्व्हच्या स्प्रिंग मऊ केल्या, कारण इंजिन जोरात फिरणारच नव्हतं. जिथे घर्षण वाचेल तिथे वाचवलं. पेट्रोल आणि ठिणगीचा हिशेब बॉशच्या मोट्रॉनिक या संगणकाकडे दिला. गिअर असे लांब ठेवले की हायवेवर इंजिन गुणगुणत राहावं. नाव दिलं 'ईटा'. कार्यक्षमतेसाठी इंजिनिअर जे ग्रीक अक्षर वापरतात ते हे.

हे इंजिन अमेरिकेत १९८२ च्या मॉडेलपासून ५२८ई या नावाने आलं. युरोपात त्यालाच ५२५ई म्हणत. खरं तर ना २.८ लिटर, ना २.५!

आता ते आकडे, ज्यांनी मला फसवलं. युरोपातल्या ५२८आयची ताकद १८४ पीएस, ५२५ईची १२५. सुमारे एक तृतीयांश ताकद गायब. मी इथेच थांबलो होतो. पुढची ओळ वाचली असती तर दिसलं असतं, की दोघींचा टॉर्क जवळपास सारखा आहे. ईटाचा २४० न्यूटन-मीटर, आणि तो ३,२५० आरपीएमलाच मिळतो. ५२८आयला तेवढ्यासाठी चार हजारांच्या वर जावं लागतं. म्हणजे ताकद काढून घेतलेली नव्हती. जिथे आपण रोज गाडी चालवतो तिथे ती आणून ठेवली होती आणि जिथे क्वचित जातो तिथली सोडून दिली होती.

हे मला कळलं ब्लू रिज पार्कवेवर. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिना यांच्या डोंगरमाथ्यावरून जाणारा हा ४६९ मैलांचा रस्ता. वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल, बहात्तर किलोमीटर. ऑक्टोबरात दोन्ही बाजूंना झाडं लाल-पिवळी झालेली. मी पहिल्याच चढाला सवयीप्रमाणे तिसऱ्या गिअरमध्ये गाडी ताणली. चार हजारांच्या पुढे आवाज नुसता वाढला, गाडी काही उचलेना.

दादा म्हणाला, "अरे, गिअर बदल."

"चढावर? चौथा टाकला तर इंजिन झोपेल की."

"ते झोपेतच ओढतं. बदल तू."

चौथा टाकला. काटा अठराशेच्या आसपास आला. पाय थोडा खोल दाबला, आणि गाडीने कसलाही गाजावाजा न करता चढ गिळला. वळण आलं, गिअर तोच. पुन्हा चढ, गिअर तोच. कुणीतरी मागून तळहाताने सावकाश ढकलत राहावं तसं. तुमच्यापैकी कुणी जुनी बुलेट घाटात चालवली असेल तर हा अनुभव ओळखीचा वाटेल. ७० मिमी बोअर, ९० मिमी स्ट्रोक, एकेक ठोका मोजून घ्यावा असं इंजिन, आणि तरी घाट चढताना गिअर पाडावासा वाटत नाही. ईटाची सहा सिलिंडरं मात्र रेशमासारखी फिरतात, धडधड नाही.

अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की मी वेगळ्या तऱ्हेने गाडी चालवतोय. इंजिनाच्या आवाजाची झिंग नाही, म्हणून डोळे रस्त्यावर आहेत. गिअर कमी बदलायचे, म्हणून दोन्ही हात स्टिअरिंगवर आहेत. वळणाच्या आधी वेग ठरवायचा, आत गेल्यावर पायाने हलकं ओढून बाहेर काढायची. चेसिस तर इतर ५-सीरिजचीच होती, स्पोर्ट्स सेडानची. फक्त तिला शांत इंजिन मिळालं होतं. आरपीएमच्या घड्याळाच्या तळाशी एक छोटा काटा असतो, त्या क्षणी पेट्रोल किती जातंय ते दाखवणारा. चढावर मी तिसऱ्यात असताना तो एका टोकाला पडायचा, चौथ्यात सावरायचा. १९८० च्या आसपासची सगळी भीती त्या छोट्या काट्यात मला दिसली.

मग ही गाडी चूक का म्हटली गेली? कारण १९८६ मध्ये तेल कोसळलं. काही महिन्यांत भाव निम्म्याखाली गेले. १९८७ मध्ये अमेरिकेने गावाबाहेरच्या हायवेवर मर्यादा ६५ मैलांपर्यंत वाढवू दिली. लोकांना पुन्हा वेग हवा झाला. ज्या छोट्या ३-सीरिजमध्ये ईटा बसवलं होतं, त्या ३२५ईच्या शेजारी शोरूममध्ये जास्त फिरणारी ३२५आय उभी राहिली. १९८८ मध्ये ईटालाच ३२५आयच्या धर्तीचं हेड देऊन थोडी ताकद वाढवली, आणि मग ते बंद केलं. गंमत बघा, अल्पिना या तयारी करणाऱ्या कंपनीने याच २.७ लिटरला मोकळा श्वास घेणारं हेड लावून २१० पीएस काढले. इंजिन दुबळं कधीच नव्हतं. त्याला मुद्दाम संयम शिकवला होता.

आता पहिला धडा आठवा. १९७३ मध्ये वेगवान गाडी काढली आणि तेल गेलं. ऐंशीच्या दशकात काटकसरीची गाडी काढली आणि तेल परत आलं. एकाच कंपनीची दोनदा पंचाईत, दोन विरुद्ध दिशांनी. मागे वळून बघणाऱ्याला दोन्ही वेळा हसता येतं, मी हसलोच होतो. पण १९७९ मध्ये इंजिनाचा आराखडा हातात घेऊन बसलेल्या माणसाला १९८६ दिसत नव्हतं. त्याला दिसत होत्या पेट्रोल पंपांवरच्या रांगा, अमेरिकेचा कायदा आणि सहा वर्षांपूर्वीचे ओसाड ऑटोबान. तेवढ्या माहितीवर त्याने जे केलं ते नीट केलं. इतिहास सांगणाऱ्याने निर्णयाचा न्याय त्या दिवशीच्या माहितीवर करायचा असतो, पुढे काय झालं त्यावर नाही. हे मी तुम्हाला या मालिकेत राजा-महाराजांबद्दल दहा वेळा सांगितलं असेल. इंजिनाची वेळ आली तेव्हा मीच विसरलो.

कुणी म्हणेल, ईटा काळाच्या पुढे होतं. आजची टर्बो इंजिनं दीड-दोन हजारांवरच भरपूर टॉर्क देतात, विजेची गाडी तर पहिल्या क्षणापासून देते, गिअर लवकर बदला असं आज डॅशबोर्डच सांगतो. हे खरं आहे. पण मी तसं म्हणणार नाही. ते आपल्या काळाचंच होतं, काळ मात्र सहा-सात वर्षांत पालटला.

परतताना मी दादाला विचारलं, एवढ्या वर्षांत विकावीशी नाही वाटली? तो म्हणाला, "दर काही वर्षांनी टायमिंग बेल्ट बदलतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, सगळं संपतं. एवढं सोडलं तर ती काही मागत नाही." मग ग्लोव्ह बॉक्समधून त्याने एक वही काढून दिली. प्रत्येक वेळी टाकी भरल्याची तारीख, मैल, गॅलन. शाळेतल्या पाढ्यांसारख्या ओळी. हायवेवरचे बहुतेक आकडे पंचविसाच्या वर.

मी विचारायच्या आतच त्याने उत्तर लिहून ठेवलं होतं. किती देते, ते.

तर मंडळी, ते जुनं वाक्य मी मागे घेतो. भेटू पुढच्या भागात.