कुलाब्याचा बंब

मानोरा तालुक्यातल्या इंझोरीत वैशाखाचं ऊन काय असतं, हे वऱ्हाडी माणसाला सांगायला नको. ते कामाला जुंपायची खटपट मात्र दीडशे वर्षं जुनी आहे, आणि तिचा एक धागा थेट मुंबईत सापडतो.

तिथल्या हायकोर्टात विल्यम अ‍ॅडम्स हा उपनिबंधक होता. विलायतेहून बोटीने येणारा कोळसा महाग, ऊन फुकट. त्याने साधे सपाट आरसे अर्धगोल चौकटीवर बसवले, उजेड तांब्याच्या बंबावर पाडला आणि कुलाब्यात त्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचा पंप चालवून दाखवला. सूर्य सरकला की मजुराने चौकट ढकलायची. म्हणजे घाम चुकला नाहीच! १८७८ मध्ये त्याचं यावरचं पुस्तक निघालं.

१९१३ साली फ्रँक शुमन या अमेरिकन अभियंत्याने कैरोजवळ मादी इथे उन्हावर नाईलचं पाणी उपसलं. सहारातल्या उन्हावर जग चालवायचं त्याचं स्वप्न महायुद्धात विरलं.

आता ते स्वप्न नव्या रूपात आलंय: उन्हाच्या विजेने पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, त्याचा अमोनिया करून जहाजाने परदेशी धाडायचा, असा भारताचा बेत आहे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये हरित हायड्रोजन धोरण मंजूर केलं. पण किलोभर हायड्रोजनमागे सुमारे ९ लिटर पाणी खर्ची पडतं. वऱ्हाडात ऊन मुबलक आहे; पाण्याचं आधी विचारा.