बॉडी फिलर : सुरक्षितता

शरीराच्या एखाद्या भागाला भरीवपणा किंवा गोलाई यावी म्हणून त्वचेखाली टोचायचे जेलसारखे पदार्थ. ओठ-गालांसाठी ते रूढ आहेत. हातांच्या पाठीसाठी कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटच्या फिलरला अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने 2015 मध्ये मान्यता दिली. स्तन किंवा नितंब वाढवण्यासाठी मात्र त्या संस्थेने एकाही फिलरला मान्यता दिलेली नाही.

चेहऱ्याला बहुधा 1 मिलिलिटरच्या एक-दोन सिरिंज पुरतात. नितंबांना त्याच्या कित्येक पट जेल लागते. मात्रा वाढली की जंतुसंसर्ग, गाठी आणि जेल सरकण्याचा धोकाही वाढतो. सर्वांत गंभीर धोका म्हणजे फिलर रक्तवाहिनीत शिरणे. तसे झाले तर त्वचा पांढरीफटक पडते, जाळीदार जांभळट डाग उमटतात, कळ वाढत जाते. बोटाने दाबून सोडले तर रंग लवकर परतत नाही. अशा वेळी ‘सूज आहे, उतरेल’ म्हणून थांबणे घातक ठरते. हायलुरॉनिक आम्लाचे जेल हायलुरोनिडेस या विकराने विरघळवता येते. हे विकर हाताशी नसेल तिथे फिलरचे इंजेक्शन घेऊच नये. फिलर म्हणून टोचलेले सिलिकॉन मात्र विरघळत नाही. ते फुप्फुसापर्यंत जाऊन जीव घेऊ शकते आणि कित्येक वर्षांनंतरही गाठी निर्माण करते. स्वस्तात ‘कायमचा’ आकार देणाऱ्यांपासून म्हणूनच दूर राहावे. जेल विरघळणारे असले तरी प्रश्न उरतात : मॅक्रोलेन हे हायलुरॉनिक जेल स्तनांसाठी वापरणे 2012 मध्ये थांबवले गेले, कारण मॅमोग्राफीच्या तपासणीत ते आड येत होते.

दवाखाना कुठला निवडावा, हेही महत्त्वाचे : बंगळूरच्या यशवंतपूर भागातल्या खासगी दवाखान्यांना कर्नाटक खासगी वैद्यकीय आस्थापना कायदा, 2007 लागू आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी जागी लावावे लागते. ते आधी वाचावे. शेजारच्या राजाजीनगरात मे 2022 मध्ये चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एका 21 वर्षांच्या दूरचित्रवाणी अभिनेत्रीचा मृत्यू झाला. ती फिलरची घटना नव्हे. पण सौंदर्योपचार म्हणजे किरकोळ काम, हा समज त्या घटनेने खोटा ठरवला. इंजेक्शन प्रशिक्षित त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जननेच द्यावे, ब्यूटी पार्लरमध्ये नव्हे. गर्भारपण, स्तनपान, रक्त पातळ करणारी औषधे, त्वचेवरचा संसर्ग हे आधीच सांगावे. भारतात फिलर वैद्यकीय उपकरण नियम, 2017 खाली येतात. आयात केलेल्या खोक्यावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक, बॅच आणि मुदत असते. खोके समोर उघडून घ्यावे आणि बॅचचे लेबल आपल्या केसपेपरवर चिकटवून मागावे. पुढे गाठ आली तर आत नेमके काय आहे हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते.