विश्वोत्पत्ती

विश्वोत्पत्ती म्हणजे अवकाश, काळ, द्रव्य आणि ऊर्जा यांचा उगम. तसेच त्या उगमाविषयी माणसाने केलेला विचार. या एका शब्दात दोन प्रश्न दडलेले आहेत. विश्वाला सुरुवात होती का, हा पहिला. ते मुळात अस्तित्वात का आहे, हा दुसरा. धर्म सुरुवात मानतो आणि विज्ञान ती नाकारते, अशी सोपी वाटणी चर्चेत नेहमी केली जाते. विसाव्या शतकात मात्र ही वाटणी टिकली नाही.

विश्वाला आरंभ होता हे भौतिकीच्या भाषेत प्रथम सांगणारे जॉर्ज लमेत्र (१८९४–१९६६) हे बेल्जियमचे कॅथलिक धर्मगुरू होते. १९२७ साली त्यांनी आइन्स्टाइनच्या समीकरणांतून प्रसरण पावणारे विश्व काढून दाखवले. रशियाच्या अलेक्झांडर फ्रीडमन यांनी १९२२ मध्ये तसे गणित मांडले होते, पण लमेत्र यांनी त्याची सांगड दीर्घिकांच्या वेगाशी घातली. आइन्स्टाइनना गणित मान्य होते, त्यातली भौतिकी मात्र अजिबात पटली नाही. १९२९ मध्ये एडविन हबल यांनी दूरच्या दीर्घिका अधिक वेगाने लांब जाताना दिसतात असे दाखवले आणि पारडे फिरले. दोन वर्षांनी लमेत्र यांनी ‘नेचर’मध्ये छोटेसे पत्र लिहून सारे विश्व एका आद्य अणूतून उलगडले असावे, ही कल्पना मांडली.

चर्चला हे आवडले. जरा जास्तच आवडले. २२ नोव्हेंबर १९५१ रोजी पोप बारावे पायस यांनी आपल्या भाषणात या विज्ञानाची साक्ष सृष्टिनिर्मितीच्या बाजूने काढली. लमेत्र अस्वस्थ झाले. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे आणि ईश्वर न मानणाऱ्यालाही तो तितकाच मोकळा आहे, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी रोममध्ये खगोलशास्त्रज्ञांसमोर बोलताना पोपनी ती तुलना पुन्हा केली नाही.

विरोध झाला तो नास्तिक गोटातून. केंब्रिजचे फ्रेड हॉइल यांना ‘एके दिवशी सगळे सुरू झाले’ हे चर्चच्या शिकवणीसारखे वाटे. शिवाय अडचण खरीखुरी होती. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचे वय सुमारे २०० कोटी वर्षे निघत होते आणि पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने ठरत होते. आईपेक्षा लेक मोठी! १९४८ मध्ये हॉइल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांनी स्थिर स्थिती सिद्धांत मांडला. त्यानुसार विश्व पसरते, पण रिकाम्या होणाऱ्या जागेत नवे द्रव्य अत्यंत संथपणे जन्मते; त्यामुळे विश्वाला आदि नाही आणि अंतही नाही. १९४९ मध्ये बीबीसीवर बोलताना प्रतिस्पर्धी कल्पनेला हॉइल यांनी ‘बिग बँग’ म्हटले आणि विरोधकाने दिलेले तेच नाव रूढ झाले. मराठीत त्याचा ‘महास्फोट’ झाला आणि गैरसमजाला आणखी वाव मिळाला. स्फोट म्हटले की सुतळी बॉम्ब आठवतो: एक जागा, भोवती अंगण, उडालेले कपटे. इथे भोवती काहीच नव्हते. अवकाशच ताणले गेले. कळी ‘फुटते’ त्या अर्थाने स्फोट घेतला, तर चित्र थोडे जवळ जाते.

या वादाचा एक धागा कोल्हापुरात जन्मलेल्या जयंत नारळीकरांपर्यंत (१९३८–२०२५) येतो. रेडिओस्रोतांची मोजणी करून मार्टिन राइल यांनी स्थिर स्थितीवर हल्ला चढवला, तेव्हा १९६१ मध्ये हॉइल यांच्या बाजूने लंडनच्या रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीत उत्तर द्यायला उभे राहिले ते संशोधक विद्यार्थी असलेले नारळीकर. १९९३ मध्ये हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी त्या सिद्धांताची सुधारलेली आवृत्तीही मांडली. तीत एका महास्फोटाऐवजी अनेक छोटे उद्रेक आहेत आणि विश्व आंदोलने घेत राहते. बहुसंख्य शास्त्रज्ञांनी ती स्वीकारली नाही. पुण्यातल्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे हे संस्थापक संचालक, एकमत झाले म्हणून प्रश्न मिटत नाही, असे अखेरपर्यंत सांगत राहिले.

निकाल मात्र १९६५ मध्येच जवळपास लागला होता, तोही खगोलशास्त्राच्या दृष्टीने अगदी घरगुती प्रकारे. न्यू जर्सीत होल्मडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन भल्या मोठ्या शिंगाच्या आकाराच्या अँटेनावर काम करत होते. एक बारीक खरखर थांबेना. अँटेना कुठेही वळवा, दिवस असो वा रात्र, ती तेवढीच. शिंगाच्या आत कबुतरांनी घरटे केले होते आणि विष्ठेचा थर साचला होता. कबुतरे हाकलली, थर खरवडून काढला, सांधे पट्ट्यांनी बंद केले, तरी खरखर तशीच! ती साऱ्या आकाशातून येत होती. विश्व बाल्यावस्थेत, सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांचे असताना मोकळा झालेला प्रकाश आता विरून, थंडावून सूक्ष्मलहरी बनला आहे. त्याचे तापमान २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. जुन्या टीव्हीवर चॅनेल लागले नाही की ‘मुंग्या’ दिसत. त्यांतला अगदी थोडा वाटा या आद्य प्रकाशाचा असे. लमेत्र यांना ही बातमी मृत्यूच्या थोडेच आधी आजारपणात कळली.

आज विश्वाचे वय सुमारे १,३८० कोटी वर्षे मानले जाते. पहिल्या काही मिनिटांत हायड्रोजन आणि हेलियमची केंद्रके बनली. नेहमीच्या द्रव्यात वजनाने पाव हिस्सा हेलियम आढळतो तो यामुळे. पण घड्याळ अगदी शून्यापर्यंत उलटे फिरवले की आइन्स्टाइनची समीकरणे निकामी होतात. त्यामुळे महास्फोट सिद्धांत ही काटेकोर बोलायचे तर विश्वाच्या जन्माची नव्हे, बालपणाची हकिकत आहे.

तत्त्वज्ञांनी हा गुंता दुर्बिणीविना बराच सोडवला होता. अकराव्या शतकाच्या अखेरीस इमाम अल्-गझाली यांनी अनादी विश्वाची कल्पना खोडून काढली. जे सुरू होते त्याला कारण लागते, असा त्यांचा युक्तिवाद. तेराव्या शतकात टॉमस अॅक्वायनस यांनी त्याहून धाडसी गोष्ट सांगितली. विश्वाला आरंभ होता हे श्रद्धेने मानावे, तर्काने सिद्ध होत नाही. आणि विश्व अनादी असते तरी ते ईश्वरावर अवलंबून असू शकले असते. निर्मिती आणि सुरुवात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पोप पायस यांच्या भाषणात निसटलेले भान सातशे वर्षांपूर्वीच्या या संताला होते. १७८१ मध्ये कांट यांनी दोन्ही बाजूंचे पुरावे समोरासमोर मांडून बुद्धी इथे आपल्याच पायात अडकते, असे दाखवले.

भारतीय परंपरेत ‘शून्यातून निर्मिती’ला फारसा थारा नाही. ‘सृष्टी’ हा शब्दच सृज्, म्हणजे सोडणे, बाहेर टाकणे, या धातूतून आला. सांख्यांच्या मते कार्य कारणात आधीच असते, म्हणून जग प्रकृतीतून उलगडते. न्याय-वैशेषिकांना ईश्वर लागतो, पण कुंभारासारखा. माती म्हणजे परमाणू नित्यच असतात. जैन आणि मीमांसक निर्मात्याची गरजच मानत नाहीत. जग शाश्वत की अशाश्वत, याचे उत्तर बुद्धाने दिले नाही. विषारी बाण लागलेला माणूस तो काढण्याआधी बाण मारणाऱ्याचे कूळ विचारत बसला तर मरेल, असा त्याचा दृष्टान्त. ज्ञानदेव ‘अमृतानुभवा’त जगामागे अज्ञान नावाचे काही कारण मानायलाच नकार देतात, त्यांच्या लेखी जग हा चैतन्याचाच विलास आहे.

या सगळ्यांत ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातले नासदीय सूक्त (१२९वे) वेगळे उठून दिसते. सातच ऋचा, आणि शेवटी कवी सर्वोच्च साक्षीलाही हे ठाऊक असेल की नसेल, असा संशय सोडून थांबतो. दूरदर्शनवर १९८८ मध्ये आलेल्या ‘भारत एक खोज’च्या शीर्षकगीतामुळे ते घरोघरी ऐकले गेले.

पुराणांनी त्या संशयाऐवजी हिशेब दिला. ब्रह्मदेवाचा एक दिवस म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षे. पृथ्वीच्या ४५४ कोटी वर्षांशी तो जुळवून दाखवण्याचा मोह अनेकांना होतो. पण हा आकडा युगांच्या गुणाकारातून आलेला आहे, खडकांच्या मोजमापातून नव्हे. शिवाय त्याच हिशेबाने चालू कल्पाची जेमतेम १९७ कोटी वर्षे सरली आहेत. हा हिशेब मराठी घरांत अजून चालू आहे. सत्यनारायणाच्या पूजेत संकल्प सोडताना गुरुजी श्वेतवाराह कल्प, वैवस्वत मन्वंतर, अठ्ठाविसावे कलियुग अशा पायऱ्या उतरत त्या दिवसाच्या तिथी-वारापर्यंत येतात. यजमानाचे लक्ष मात्र बहुधा हातावरचे पाणी ताम्हनात कधी सोडायचे, याकडे असते.