३० वर्षं शेडमध्ये उभी असलेली जुनी पिकअप पुन्हा सुरू कशी करतात? चावी फिरवण्याआधी काय तपासायचं?

असे व्हिडिओ तुमच्याही फीडवर आले असतील. शेडचं दार उघडतं, आत धुळीने माखलेली जुनी गाडी दिसते. पाण्याचा फवारा, नवी बॅटरी, बाटलीभर पेट्रोल आणि पुढच्या सेकंदाला इंजिन धडधडायला लागतं.

व्हिडिओत दिसत नाही ते या दोन दृश्यांमधलं काम. ते काही आठवडे चालतं, कधी कधी वर्षभरही. व्हिडिओ पाहून जे अनेकांना सगळ्यात आधी करावंसं वाटतं, म्हणजे बॅटरी लावून सेल्फ मारणं, त्यानेच वर्षानुवर्षं टिकलेलं इंजिन मिनिटभरात कायमचं खराब होऊ शकतं.

गावाकडे आजोबांची पिकअप पडून असेल, किंवा कुणी 'स्वस्तात देतो, घेऊन जा' म्हणत असेल, तर कामाचा क्रम काय असतो आणि तो तसाच का असतो, ते समजून घेऊया.

आधी गाडी ओळखा

भारतातल्या जुन्या पिकअपची गोष्ट बरीचशी जीपपासून सुरू होते. महिंद्राने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. १९६५ मध्ये कंपनीने एफसी-१५० ही पिकअप आणली. मूळची ही अमेरिकन गाडी. तिचं डिझाइन ब्रुक्स स्टीव्हन्स यांचं, आणि अमेरिकेत ती १९५६ च्या अखेरीस बाजारात आली होती.

एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. या गाडीला जीपसारखं पुढे आलेलं बॉनेट नाही. ड्रायव्हर जवळपास पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन केबिनमध्येच, दोन सीटच्या मध्ये झाकणाखाली असतं. त्यामुळे कमी लांबीच्या गाडीला मोठा हौदा मिळाला.

तिचं इंजिन हरिकेन नावाचं, चार सिलिंडरचं, २.२ लिटर पेट्रोल. त्याची गंमत म्हणजे आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये. गाडी उभी असताना हे खालचे व्हॉल्व्ह अडकू शकतात. ही माहिती पुढे कामाला येईल.

बाकी पायऱ्या कोणत्याही जुन्या पेट्रोल पिकअपला लागू होतात.

उभ्या गाडीत नेमकं काय बिघडतं?

'गाडी फिरलीच नाही, मग झिजली कशाने?' असं अनेकांना वाटतं. पण उभं राहणं हेच तिच्या मुळावर येतं.

चार सिलिंडरचं इंजिन कुठेही थांबलं तरी एखाद्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. तिथून दमट हवा आत जाते. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत यांच्यामध्ये गंज धरतो आणि दोन्ही एकमेकांना चिकटतात. यालाच मेस्त्री 'इंजिन जाम' म्हणतात. कोकणात चार पावसाळे काढलेली गाडी म्हणूनच कोरड्या भागातल्या दहा वर्षं उभ्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत सापडू शकते.

पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि खाली चिकट, लाखेसारखा थर उरतो. त्याला रंगाच्या डब्यासारखा वास येतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि सिलिंडर आतून गंजवतं. रबर कडक होतं. वायरी उंदीर खातात.

जाम इंजिनवर सेल्फ मारला तर रिंग तुटते, पिस्टन ओरखडतो, अडकलेल्या व्हॉल्व्हमुळे पुश रॉड वाकतो. चिकटलेलं इंजिन सोडवता येतं. तुटलेल्या इंजिनासाठी मात्र लेथवाल्याकडे जावं लागतं, आणि जुन्या मॉडेलचे पार्ट शोधत जुना बाजार पालथा घालावा लागतो.

पायरी १: हात घालण्याआधी

- साप, विंचू आणि गांधीलमाशा. सीटखाली, एअर फिल्टरमध्ये आणि हौद्याखाली काठीने तपासा.
- उंदरांची घाण असेल तर हातमोजे आणि मास्क हवेच. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होतो.
- जुन्या ब्रेक शू आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅसबेस्टॉस असायचं. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा नको. घोडी लावा आणि चाकांना दगड लावा.

पायरी २: इंजिन हाताने फिरवा

चारही स्पार्क प्लग काढा. प्रत्येक भोकातून थोडं गंज सोडवणारं तेल सोडा. काही मेस्त्री गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं मिसळून वापरतात. हे मिश्रण पेट घेतं, त्यामुळे जवळ विडी-सिगारेट नको. मग थांबा. दोन-चार दिवस, कधी दोन आठवडे. रोज थोडं तेल टाकायचं.

त्यानंतर गिअर न्यूट्रल करून क्रँक पुलीच्या नटला लांब पाना लावा. ज्या गाडीला पुढून हँडल मारायची सोय आहे, तिथे हँडल वापरा. जोर लावून गोल फिरवायचं नाही. थोडं पुढे, थोडं मागे, असं करायचं. जिथे अडेल तिथे थांबायचं आणि पुन्हा तेल टाकायचं.

इंजिन दोन पूर्ण फेऱ्या मोकळं फिरलं की टॅपेटची झाकणं उघडा आणि फिरवत असताना सगळे व्हॉल्व्ह वर-खाली होतात का ते पाहा. हरिकेन इंजिनात धुराचे व्हॉल्व्ह ब्लॉकच्या बाजूच्या झाकणाआड असतात. नुसतं वरचं झाकण उघडून पाहिलं तर ते दिसतच नाहीत.

पायरी ३: ऑइल आणि पाणी

चेंबरचा नट सोडल्यावर आधी पाणी आलं तर दचकू नका. दमट हवेतलं पाणी वर्षानुवर्षं तळाशी साचतं. मात्र ऑइल दुधाळ, चहासारखं झालं असेल तर रेडिएटरचं पाणी आत शिरलं असण्याची शक्यता आहे. अशा वेळी हेड गॅस्केट तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

नवं ऑइल आणि फिल्टर टाका. जुन्या जीपवर्गीय गाड्यांचा एअर फिल्टर 'ऑइल बाथ' असतो, म्हणजे खालच्या वाटीत तेल आणि वर जाळी. वाटीतला गाळ खरवडून खुणेपर्यंत ताजं तेल भरा.

आता प्लग न लावता सेल्फने इंजिन थोडं थोडं फिरवा. प्लग नसल्याने दाब तयार होत नाही आणि इंजिन हलकं फिरतं. ऑइल प्रेशरचा काटा हलला की तेल बेअरिंगपर्यंत पोचलं. काटा हलत नसेल तर गाडी सुरू करायची नाही.

रेडिएटरमध्ये पूर्वी बहुतेक जण साधं विहिरीचं किंवा नळाचं पाणी भरायचे. त्याचा क्षार आणि गंज आत बसलेला असतो. स्वच्छ पाण्याने दोन्ही बाजूंनी फ्लश करा, होज पाइप नवे टाका.

पायरी ४: पेट्रोल

जुनी टाकी पहिल्या दिवशी वापरूच नका. एका डब्यातून नळीने पेट्रोल पंपापर्यंत तात्पुरती सोय करा. टाकी उतरवून, धुऊन, आतला गंज काढून नंतर जोडा. रिकाम्या टाकीला भोक असेल तर थेट वेल्डिंग करायला देऊ नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो.

कार्बोरेटर खोलून जेट साफ करा. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा पडदा बदला. नळ्या बदलताना एक नवी गोष्ट लक्षात ठेवा. आज आपल्या पंपांवर मिळणारं पेट्रोल मुख्यतः ई२० आहे, म्हणजे त्यात २० टक्के इथेनॉल. १९६०-७० च्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नव्हतं. इथेनॉलने ते फुगतं, मऊ होतं किंवा तडकतं. एफसीसारख्या गाडीत इंजिन केबिनमध्येच असतं. तिथे गळकी नळी म्हणजे सीटशेजारी आग. इथेनॉल चालणाऱ्याच नळ्या घ्या. गाडी पुन्हा महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढून घेतं.

पायरी ५: वायरिंग आणि ठिणगी

गाडी ६ व्होल्टची आहे की १२, आणि बॅटरीचं कोणतं टोक बॉडीला आहे, हे आधी पाहा. काही जुन्या गाड्यांत पॉझिटिव्ह टोक बॉडीला असतं.

बॅटरी थेट जोडण्याऐवजी जुन्या इलेक्ट्रिशियनची युक्ती वापरा. सगळे स्विच बंद ठेवा, बॅटरी आणि गाडीच्या मध्ये एक बल्ब लावा. बल्ब पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे. सीबी पॉइंट घासून घ्या, कंडेन्सर आणि प्लग नवे टाका.

पायरी ६: पहिला स्टार्ट

गाडी उघड्यावर आणा. बंद शेडमध्ये धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो जीव घेतो. जवळ आग विझवायचं सिलिंडर ठेवा.

सुरू झाल्यावर पहिली नजर ऑइल प्रेशरकडे. दहा सेकंदांत काटा वर आला नाही तर लगेच बंद करा. मग धूर पाहा:

- पांढरा: सुरुवातीला आतल्या ओलीमुळे येतो. थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट.
- निळा: ऑइल जळतंय. रिंगा अजून मोकळ्या झालेल्या नाहीत किंवा झिजल्या आहेत. काही वेळ चालवल्यावर कमी होऊ शकतो.
- काळा: पेट्रोल जास्त जातंय. चोक किंवा कार्बोरेटरचा फ्लोट तपासा.

पायरी ७: चालवण्याआधी ब्रेक

व्हिडिओ इथेच संपतात. खरा धोका मात्र इथून सुरू होतो.

या काळातल्या बहुतेक गाड्यांना एकाच सर्किटचे ड्रम ब्रेक आहेत. आजच्या गाडीत एक पाइप फुटला तरी दोन चाकांचे ब्रेक उरतात. इथे एक रबरी होज फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. 'पॅडल मारून पाहिलं, लागतोय' हा पुरावा नाही. पहिल्या जोरदार ब्रेकला जुना होज फुटू शकतो.

म्हणून मास्टर सिलिंडर, चारही व्हील सिलिंडर आणि सगळे रबरी होज नवे टाका किंवा किट टाकून पूर्ण खोलून बसवा. हँडब्रेकही नीट करा. पाय ब्रेक गेला तर उरणारा तोच.

टायरची नक्षी पाहू नका, वय पाहा. २००० सालापासूनच्या टायरवर चार आकडी कोड असतो. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. कोड तीनच आकड्यांचा असेल तर टायर गेल्या शतकातला आहे. नक्षी नवी दिसली तरी तो फेकायचा.

क्लच दाबूनही गिअर पडत नसेल तर प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली असेल. पॅडल लाकडाने दाबून दोन दिवस ठेवल्यावर ती कधी कधी सुटते. नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो.

गाडी सुरू झाली, पण रस्त्यावर आणता येईल का?

२०२१ मध्ये केंद्र सरकारने विंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, खासगी वापराची गाडी यात नोंदवता येते. नव्या नोंदणीचं शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. नंबरप्लेटवर 'व्हीए' ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी नसते. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशाच कामांसाठी ती रस्त्यावर आणता येते.

अडचण अशी की हे नियम दुचाकी आणि एम-१ गटातल्या चारचाकींसाठी आहेत. एम-१ म्हणजे प्रवासी गाडी. माल वाहणारी पिकअप या गटात बसत नाही. म्हणून आरसी बुकावर वाहनाचा प्रकार काय लिहिलाय, यावर पुढचं सगळं ठरतं. तिथे मालवाहू नोंद असेल तर व्यावसायिक वाहनासारखं पासिंग लागतं. आठ वर्षांहून जुन्या अशा गाडीला ते दरवर्षी करावं लागतं. पासिंग नसेल तर कायद्याच्या दृष्टीने नोंदणीही वैध धरली जात नाही.

दुसरी अडचण इंजिनाची. महाराष्ट्रात असंख्य पेट्रोल जीपमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवली गेली. इंजिनाचा नंबर बुकाशी जुळत नसेल आणि बदलाची नोंद नसेल तर आरटीओत गाडी अडते. आणि विंटेजसाठी 'मूळ रूप' हीच तर अट आहे.

मालक हयात नसतील तर वारसांना फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करावी लागते. बुक हरवलं असेल तर पोलिसांत नोंद करून दुसरी प्रत काढतात. १९८९ च्या आधीच्या गाड्यांवर 'एमएच-१२' असा जिल्ह्याचा नंबर नसायचा, 'एम'ने सुरू होणारी तीन अक्षरं असायची. अशा गाड्यांची नोंद कधी कधी कागदी रजिस्टरमध्येच असते आणि ऑनलाइन दिसत नाही. मग ज्या आरटीओत गाडी नोंदवली होती तिथे जाऊन ती शोधावी लागते.

मग सुरुवात कुठून करायची?

आरसी बुकापासून. बुकावरचा इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून पाहा. हे काम एका दुपारचं आहे आणि त्याला खर्च नाही. नंबर जुळले तर पुढचा खर्च करायचा का, हे डोळे उघडे ठेवून ठरवता येईल. जुळले नाहीत तरी स्वतःच्या शेतात किंवा आवारात चालवण्यापुरती गाडी जिवंत करता येते. फक्त हे कळायला हवं ते पैसे घालण्याआधी. अनेकांना ते इंजिन, रंग आणि सीटकव्हर झाल्यावर, आरटीओच्या खिडकीवर कळतं.